सुनेने बंद केलेला समुद्र

३ फेब्रुवारी, मंगळवार

सुनेने आज समुद्र बंद केला!

सकाळी नेहमीसारखी टॉवेल खांद्यावर टाकून पायऱ्यांवर गेले तर खांबाला पाटी. पिवळी, कोरी करकरीत. 'पाणी दूषित आहे. पोहण्यास सक्त मनाई.' खाली महापालिकेचा शिक्का आणि पाणी तपासणी प्रयोगशाळेची सही. ती सही मी झोपेतसुद्धा ओळखेन. आमच्याकडे कुरिअर आलं की हीच सही होते, शेवटच्या अक्षराला लांबलचक शेपूट. मुलगा बोटीवर, महिनोन्‌महिने घराबाहेर. आणि त्याची बायको माझ्या घरात राहून, माझ्या हातचा चहा पिऊन, माझाच समुद्र बंद करते!

पाटीखाली आमचं मंडळ उभं होतं. मंडळ म्हणजे मी, कॅप्टन आणि दंतवैद्य. कॅप्टन आयुष्यात कधी जहाजावर चढलेले नाहीत, बस डेपोत कंट्रोलर होते. पण छाती पुढे काढून चालतात आणि पाण्यात उतरण्याआधी क्षितिजाकडे बघतात, म्हणून कॅप्टन. दंतवैद्य अजून दवाखाना चालवतात. पोहताना आपण धापा टाकत तोंड उघडलं की ते दाढांकडे बघतात.

"पाटीवाली तुमच्या घरचीच ना?" कॅप्टन.

"असेल," मी म्हटलं आणि काठी आपटत परत फिरले.

गुडघ्याने दिवसभर सूड घेतला. जमिनीवर मी काठी टेकत, भिंती धरत चालते. पाण्यात शिरले की काठी पायरीवर राहते आणि वयही तिच्या शेजारी बसून राहतं. तेवढा एकच तास मला गुडघा आहे हे आठवत नाही. तो तास काढून घेतला तर मी करायचं काय? खिडकीत बसून लोकांच्या चपला मोजू?

४ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना विषय काढला. काढायचा नाही असं ठरवलं होतं.

"आई, काचेच्या बशीत जंतू मोजता येईनात, इतके उगवले."

"कसले जंतू?"

"माणसाच्या पोटातले."

"पोटातले समुद्रात कसे गेले?"

"जसे पोटातून जातात तसे."

ह्यांनी घास खाली ठेवला. "हे जेवण झाल्यावर नाही का बोलता येणार?"

मी म्हटलं, इतकी वर्षं पोहते, मला काय झालं? तर म्हणते, "दर महिन्याला तुमचं पोट बिघडतं, आई." मी म्हटलं, ते तुझ्या स्वयंपाकाने.

हे ताट उचलून गॅलरीत जाऊन जेवले. तसं म्हणायला नको होतं. स्वयंपाक ती बरा करते. पण माझे पाय काठीने चालतात आणि जीभ तशीच चालते, तिला कशाचा आधार लागत नाही.

तरी एक गोष्ट काढून घेतली तिच्याकडून. दर सोमवारी नमुना घेतात. लागोपाठ दोन सोमवार चांगला आला की पाटी निघते. आणि नमुना घेतात तो दर वेळी त्याच जागेवरून, आमच्या पायऱ्यांच्या शेवटच्या पायरीवरून. जागा बदलली तर मागच्या आकड्याशी तुलना होत नाही म्हणे.

अख्खा समुद्र सोडून बाटलीभर पाणी, तेही एकाच पायरीवरचं! मी दोनदा विचारून खात्री केली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गुडघा. बाकी काही नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

दंतवैद्यांच्या दवाखान्यात मंडळाची बैठक. शेवटचा रुग्ण गाल धरून गेल्यावर कॅप्टन दातांच्या खुर्चीत आडवे झाले, डॉक्टर स्टुलावर आणि मी दाराशी. मी पायरीची गोष्ट सांगितली. कॅप्टन ताडकन उठले ते वरच्या दिव्यावर आपटले.

"म्हणजे समुद्र स्वच्छ करायचाच नाहीये," कपाळ चोळत म्हणाले. "शेवटची पायरी केली की झालं."

डॉक्टरांना जरा टोचत होतं. "हे फसवणुकीत नाही ना येत?"

"पायरी घासणं? डॉक्टर, सार्वजनिक स्वच्छता कधीपासून गुन्हा झाली?"

खरं आहे. तिथे हातभर शेवाळ आहे. शेजारी गटाराचं तोंड आहे. आपल्याला बसायची जागा आपण घासली तर कोणाच्या पोटात का दुखावं? सुनेला मात्र सांगायचं नाही असं एकमताने ठरलं. चांगलं काम गाजावाजा न करता करावं.

९ फेब्रुवारी, सोमवार

फत्ते!

उजाडताच गेलो. कॅप्टनांनी ब्लीचिंग पावडरची गोणी आणली होती, खांद्यावर घेऊन, बंदरावरच्या हमालासारखी. डॉक्टरांनी ज्या गुलाबी औषधात ते चिमटे-आरसे बुडवून ठेवतात त्याचा कॅन आणला. मी संडास घासायची बाटली आणि ब्रश. भरती नुकतीच ओसरत होती. मी वरच्या पायरीवर बसून हुकूम सोडले, डॉक्टर कंबर धरून घासत होते आणि कॅप्टन ओतत होते. उरलंसुरलं सगळं गटाराच्या तोंडात रिकामं केलं, म्हणजे नमुना घेईपर्यंत तिकडून काही भलतंसलतं यायला नको.

फेस असा झाला की दोन माणसं त्यात दाढी करून गेली असती. पायरी पांढरीशुभ्र निघाली. इतकी वर्षं मी तिच्यावर बसते, ती दगडाची आहे हे आज कळलं.

आम्ही बाकावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने नमुनेवाला आला, बर्फाची पेटी घेऊन. सुनेच्याच हाताखालचा, नेहमी सर्दी झालेला. वाकला, बाटली बुडवली, झाकण लावलं.

"आज छान ताजं वाटतंय इथे," आम्हाला म्हणाला.

"हवाच तशी आहे," कॅप्टन म्हणाले. डॉक्टर वर आभाळाकडे बघत होते, आणि त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत गुलाबी रंग होता.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बशीत जंतू उगवायला वेळ लागतो. आज काहीच कळणार नाही.

संध्याकाळी सून आल्या आल्या न मागता चहा दिला. तिने आधी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत कपाकडे. "आई, बरं आहे ना?"

सुनेला चहा द्यायचीसुद्धा सोय राहिली नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

निकाल लागला.

सून उशिरा आली, पर्स कोचावर फेकली. ह्यांनी विचारलं, काय गं, काय झालं?

"बाबा, समुद्रात एकही जंतू नाही."

माझ्या छातीत असं काही भरून आलं! मी भाजी ढवळत राहिले. "मग चांगलंच झालं की," मी जमेल तितक्या सहज म्हटलं.

"चांगलं? आई, आपल्या नळाच्या पाण्यातसुद्धा दोन-चार सापडतात. जिवंत समुद्रात शून्य कसे असतील? बाटली उघडली तर आमच्या डोळ्यांतून पाणी आलं. बरं, ते सर्दीवालं ध्यान म्हणतं की वास येत नाही!"

तिच्या साहेबांनी बाटली मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. सगळ्यांचं मत एकच पडलं. कुठल्या तरी कारखान्याने चोरून रसायन सोडलंय.

भाजी करपली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आता पायऱ्याच बंद. खांबापासून खांबापर्यंत दोरखंड, तोंडाला मोठाले मास्क लावलेली माणसं आणि नवी पाटी: 'पाण्याजवळ जाऊ नये.' आधी निदान काठावर बसता येत होतं! फिरायला येणारे, व्यायामवाले, मुलांना गाडीत घालून ढकलणाऱ्या आया, सगळ्यांना हाकललं. सगळे त्या कारखान्याच्या नावाने बोटं मोडत होते. मीही थोडी मोडली. गप्प उभं राहिलेलं वाईट दिसलं असतं.

टीव्हीचा कॅमेरा आला होता. आम्ही अंग चोरून निघणार तेवढ्यात कॅप्टन बघता बघता माइकसमोर! "ज्याने कोणी हे केलं असेल त्याला भर चौकात उभा करा," म्हणाले. डॉक्टर माझ्या मागे लपले. नंतर मी विचारलं, अहो, काय हे? तर म्हणतात, "कॅमेरा बघितला की मला आवरत नाही."

निघताना दोरखंडापलीकडे नजर गेली. पांढऱ्या पायरीवर छोटे छोटे खेकडे उताणे पडले होते. बरेच. हेच खेकडे रोज मी उतरले की फटीत पळतात आणि मी त्यांना शिव्या घालते. डोळे मिटले तरी दिसतायत. आपण पायरी घासली असं म्हणत होतो. घासली कसली, मारली. फार वाईट वाटतंय. हे मी इथे लिहिते आहे, तोंडाने कोणाला म्हणायची हिंमत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पकडले गेले.

सून दोरीवरचे कपडे काढत होती. मी खिडकीत. ती माझा पोहायचा निळा टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिली. बराच वेळ. मग आत आली.

"आई, ह्याच्यावर हे पांढरे डाग कसले?"

"जुना झालाय."

"गेल्या महिन्यात मीच आणला." तिने टॉवेल नाकाशी नेला. मग माझ्याकडे जे पाहिलं! मी शाळेत असते तर अंगठे धरून उभी राहिले असते.

सांगितलं सगळं. गोणी, कॅन, ब्रश. कॅप्टन आणि डॉक्टरांची नावं सांगणार नव्हते, पण दोन वाक्यांत तीही सांगून झाली. मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. तिने आधी कपाळाला हात लावला. मग तिला हसू फुटलं, ते इतकं की टॉवेल तोंडाशी धरून ती जमिनीवरच बसली. आतल्या खोलीतून हे विचारायला आले, "काय झालं?" ती बोट दाखवते माझ्याकडे आणि बोलता येत नाही.

मग हसू थांबलं.

"आई, दोन दिवस मी साहेबांबरोबर कारखाने हिंडतेय. एका मॅनेजरला तर मी चोर म्हणाले."

मी मान खाली घातली. इतकी वर्षं सासू आहे, पण सुनेपुढे मान खाली पहिल्यांदाच.

"मला काय नको होतं का तुमचं पोहणं? पाटीवर सही करताना माझा हात थांबला होता," ती म्हणाली. "पण तुम्ही आजारी पडलात तर त्या गुडघ्याला घेऊन हॉस्पिटलचे जिने कोण चढणार?"

हे तिने आधी का नाही सांगितलं? आणि मी तरी आधी का नाही विचारलं?

१५ फेब्रुवारी, रविवार

साहेबांना तिने सांगितलं की काही 'अतिउत्साही ज्येष्ठ नागरिकांनी' साफसफाई केली. नावं घातली नाहीत. दोरखंड निघेल, पिवळी पाटी राहील. अतिउत्साही म्हटल्याचा कॅप्टनांना राग आलाय. ज्येष्ठ म्हटल्याचा डॉक्टरांना.

सकाळी मला घेऊन ती पायऱ्यांवर गेली. गटाराच्या तोंडापाशी उभं केलं. "आई, हे कसलं गटार?"

"पावसाचं. रस्त्यावरचं पाणी समुद्रात जायला."

"पाऊस कधी पडला होता?"

महिने झाले.

"मग आता ह्यातून वाहतंय काय?"

इतकी वर्षं मी ह्या गटाराशेजारी टॉवेल ठेवते. एकदाही हा प्रश्न डोक्यात आला नाही. मैल्याची नळी वेगळी असते, ती थेट शुद्धीकरण केंद्रात जाते. पण कोणी तरी, कधी तरी, खर्च वाचवायला आपली नळी ह्या जवळच्या गटारात सोडून दिली. कोण, ते शोधायचं.

"हॉटेल," मी लगेच म्हटलं. समोरचं ते काचांचं नवं हॉटेल मला पहिल्यापासून आवडत नाही.

"शोधायची एक पद्धत आहे," सून म्हणाली. "पण लोक मला दारात उभं करत नाहीत. तुम्हाला करतील."

"का?"

"तुम्हाला नाही म्हणायची कोणाची छाती आहे?"

हे कौतुक होतं की काय, रात्रीपर्यंत ठरलं नाही. कौतुक धरून चालते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पद्धत अशी. सुनेकडे रंगाच्या पुड्या आहेत. रंग निरुपद्रवी, पण भडक हिरवा. पाण्यात कालवायचा, एका इमारतीच्या संडासात ओतून साखळी ओढायची आणि गटाराच्या तोंडाशी जाऊन बसायचं. हिरवं आलं तर चोर सापडला. एका दिवशी एकच इमारत, नाहीतर कोणाचा रंग ते कळणार नाही.

आज बेकरीवाला. "माझ्या संडासात रंग? उद्या ब्रेड हिरवा निघाला तर?"

"तुमच्या संडासाचा आणि ब्रेडचा काय संबंध आहे?" मी विचारलं. दुकानात गिऱ्हाइकं होती. त्याने मुकाट्याने मागचं दार उघडलं.

गटारापाशी कॅप्टन दुर्बीण घेऊन. काही आलं नाही. बेकरी निर्दोष.

१८ फेब्रुवारी, बुधवार

लाँड्री. निर्दोष. बाईंनी संडास दाखवण्याआधी आम्हाला बाहेर थांबवून तो घासला, पडदा बदलला, कोपऱ्यात फुलं ठेवली. मग आम्ही त्यात हिरवा रंग ओतला. तिचा चेहरा बघवेना.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कोपऱ्यावरची उंच इमारत. तिथले सेक्रेटरी कायदा सांगत बसले. सून शांतपणे समजावत होती. मी म्हटलं, अहो, मला जरा जायचंय, संडास कुठे आहे? म्हाताऱ्या बाईला कोण नाही म्हणणार? पुडी माझ्या पर्समध्ये होती.

ही इमारतही निर्दोष. जिना उतरताना सूनबाईंनी माझा हात धरला होता आणि दोघी खुदुखुदू हसत होतो. गुडघा दुखत होता. दुखू दे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हॉटेलचा मॅनेजर म्हणे पूर्वपरवानगी आणा. मी लॉबीतल्या मऊ कोचावर ऐसपैस बसले आणि शेजारच्या पाहुण्यांशी गप्पा सुरू केल्या. हल्ली इथल्या पाण्यात काय काय निघतंय, कोणाकोणाची पोटं कशी बिघडली, माझंच बघा ना, म्हणून अगदी सविस्तर. दुसऱ्या कोचावरचे लोक उठून गेले. मॅनेजर धावत आला. "मॅडम, रविवारी सकाळी या. पण शांतपणे."

हे म्हणाले, "अगं, ह्या गटाराच्या आजूबाजूला आता उरलं कोण? हॉटेल आणि आपण."

"म्हणजे हॉटेलच," मी म्हटलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

तयारी. उद्या सगळ्यांना बोलावलंय: बेकरीवाला, लाँड्रीवाली, ते कायदेवाले सेक्रेटरी. कॅप्टनांनी भाषण तयार केलंय. टीव्हीवाल्यांना फोन करू का म्हणत होते, मी आवरलं. नळी एकदा तोडली की दोन सोमवारांत पाटी निघेल, असं सून म्हणते. दोन सोमवार! निळा टॉवेल धुऊन, वाळवून, घडी घालून उशाशी ठेवलाय. डागांसकट.

२२ फेब्रुवारी, रविवार

हिरवं आलं! पोपटासारखं हिरवंगार, गटाराच्या तोंडातून भसाभसा, पायऱ्यांवरून समुद्रात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅप्टन बाकावर चढून हॉटेलकडे बोट दाखवत भाषण करायला लागले. मीही मुठी आवळून ओरडत होते. तेवढ्यात सून धापा टाकत आली आणि माझ्या कानाशी लागली. "आई, मॅनेजरचा फोन आला, आज नको, उद्या या म्हणून. रंग कालवून ठेवला होता, फुकट कशाला घालवायचा, म्हणून आपल्याच संडासात ओतला."

रोज पोहायला निघायच्या आधी मी संडासला जाऊन येते. इतकी वर्षं, न चुकता.